४८० पुडे, वीस खोके आणि भिवंडीचं गेट

मंडळी, पोस्ट मोठी आहे. सवडीने वाचा.

गेल्या आठवड्यात एसटी स्टँडवर एक ताई भेटल्या. ओळख जुजबी. म्हणाल्या, "तुमचं आमसूल मोबाईलवर दिसतं. माझ्या भावाने पुण्याहून मागवलं. आमच्या फणसपोळ्या पण टाका ना त्यात." टाका ना त्यात! जणू मोबाईलला खण आहेत आणि मी एकात पुडा ठेवून आले. तेव्हा मी हसून "बघू" म्हटलं. पण घरी आल्यावर वाटलं, ह्या "बघू"मागे काय काय आहे ते एकदा नीट लिहायला हवं. कारण असा प्रश्न मला महिन्यातून दोन-तीन जणी विचारतात, आणि तालुक्याच्या प्रत्येक कार्यक्रमात कोणी ना कोणी माईकवरून सांगतं, "महिलांनी आता ऑनलाइन बाजारपेठ काबीज करावी." करावी ना. पण खोका कोण भरणार, ते कुणी सांगत नाही.

आधी थोडं मागचं. ३ जून २०२० ला निसर्ग वादळ श्रीवर्धन-दिवेआगरच्या किनाऱ्यावर आलं, ते इथल्या कुणाला सांगायला नको. आमच्या वाडीतल्या पोफळी त्या दुपारी काड्यांसारख्या मोडल्या. नारळ काही उभे राहिले, शेंडे गेलेले. पोफळ नव्याने लावली तर धरायला सहा-सात वर्षं. तोवर खायचं काय, हा प्रश्न प्रत्येक वाडीवाल्याच्या घरात होता. आमच्याकडे वाडीच्या कडेची कोकमाची झाडं मात्र वाचली. सासूबाई वर्षानुवर्षं घरापुरती आणि नातेवाइकांपुरती आमसुलं करायच्या. ती जरा जास्त करायला लागल्या. मग आळीतल्या वहिनी आल्या, मोहल्ल्यातल्या एक भाभी आल्या, कोळीवाड्यातल्या दोघी आल्या. होता होता आम्ही बारा जणी झालो. मुंबईत महालक्ष्मी सरस प्रदर्शनाला जाऊन आलेल्या एकीने सांगितलं की तिथे आमसुलं हातोहात जातात. पण प्रदर्शन वर्षातून एकदा, आणि तिथे जागा मिळायला हवी.

म्हणून २०२३ मध्ये मी एका मोठ्या ऑनलाइन बाजारावर नाव घातलं. त्यात दोन प्रकार असतात. एक, ऑर्डर आली की आपण घरून पार्सल पाठवायचं. दुसरा, माल आधीच त्यांच्या गोदामात नेऊन ठेवायचा, मग ऑर्डर आली की तेच पाठवणार. पहिला प्रकार सोपा वाटतो. पण आमच्या ४०२११० ला त्यांचा माणूस पार्सल उचलायला रोज येईना, आणि गिऱ्हाइकाला तर परवा वस्तू हवी. त्यामुळे आमचं पुडकं यादीत इतकं खाली दिसायचं की मलाच शोधायला बोट दुखेपर्यंत सरकवावं लागायचं. गोदामात माल ठेवला की वर दिसतो. तेव्हा गोदाम. आणि गोदाम म्हणजे भिवंडी.

आमचे आजेसासरे सांगायचे ते घरात अजून सांगतात. सुपारी सोलून, वाळवून, गोणीत भरायची. गोणीचं तोंड दाभणाने सुतळी घालून शिवायचं. वर काळ्या शाईने दोन अक्षरं, म्हणजे आपली खूण. गोण बंदरावर न्यायची, तिथून बोटीने मुंबई. महिन्याभराने आडत्याकडून पट्टी यायची. त्यात हमाली, तोलाई, तूट, अडत सगळं कापून खाली जो आकडा उरेल तो आपला. आडत्याला शिव्या घालणं हा घरातला नेहमीचा कार्यक्रम. पण तयारी एवढीच होती: सुपारी, गोण, दाभण, दोन अक्षरं.

आता आमच्या २५० ग्रॅमच्या पुड्याची तयारी ऐका.

अन्नपदार्थ म्हणून अन्न सुरक्षेची नोंदणी. छोट्या उलाढालीसाठी, आम्ही काढली तेव्हा, वर्षाला १०० रुपये. फार कठीण नाही. तो चौदा आकडी क्रमांक पुड्यावर हवा. मग वजन-मापाचे नियम: बांधणाऱ्याचं नाव आणि पूर्ण पत्ता, निव्वळ वजन, सर्व करांसह कमाल किंमत, बांधल्याचा महिना-वर्ष, तक्रारीसाठी फोन आणि ईमेल. शिवाय एका ग्रॅमची किंमतही छापायची. आमचा पुडा १९९ रुपयांचा, म्हणजे ग्रॅमला ८० पैसे. सासूबाईंना हे वाचून दाखवलं तर म्हणाल्या, "ग्रॅमभर आमसूल कोण मागतं गो?" उत्तर नव्हतं. पण नियम योग्य आहे, कारण त्यामुळे १८० ग्रॅमचा पुडा २५० सारखा फुगवून विकणारा उघडा पडतो.

पत्त्याची वेगळीच कथा. आमच्या घराला आळीचं नाव आहे, शेजारच्या देवळाची खूण आहे, पण फॉर्मला हवा "फ्लॅट क्रमांक". तो भरल्याशिवाय पुढचं पान उघडत नाही. शेवटी ग्रामीण भागातल्या घरपट्टीच्या पावतीसारखीच आमची पावती काढून त्यावरचा क्रमांक घातला, आणि गेली तीन वर्षं आम्ही कौलारू घरात राहून कागदावर फ्लॅटमध्ये राहतो.

मग जीएसटी. इथे बऱ्याच जणींचा गोंधळ होतो म्हणून नीट लिहिते. पूर्वी ऑनलाइन बाजारातून एक रुपयाचा करपात्र माल विकायचा तरी नोंदणी लागायची. १ ऑक्टोबर २०२३ पासून ४० लाखांच्या आतल्या छोट्या विक्रेत्याला राज्यातल्या राज्यात तशी सक्ती राहिली नाही, नुसता नावनोंदणी क्रमांक घेऊन विकता येतं. चांगला बदल. पण इंदूरच्या गिऱ्हाइकाला विकायचं तर तो आधार संपतो. आणि त्यांच्या गोदामात माल ठेवायचा तर ते गोदाम आपल्या नोंदणीत "व्यवसायाची अतिरिक्त जागा" म्हणून दाखवावं लागतं. म्हणजे सरकारी कागदावर माझ्या धंद्याच्या जागा दोन: एक श्रीवर्धनातली पडवी आणि दुसरी भिवंडीतलं काही एकरांचं गोदाम. नवरा महिनाभर मला शेठाणी म्हणत होता. दुसऱ्या राज्यातल्या गोदामात माल ठेवायचा तर त्या राज्यात वेगळी नोंदणी, म्हणून आम्ही भिवंडीवर थांबलो. माल जातो तोही बिलावर नाही, डिलिव्हरी चलनावर. कारण विक्री अजून झालेलीच नाही, माल आपल्याच एका जागेवरून आपल्याच दुसऱ्या जागेवर चाललेला असतो. हे कळायला मला माणगावच्या सीएकडे दोन फेऱ्या माराव्या लागल्या.

नावावरूनही घरात वाद झाला. पुतण्या म्हणाला, "काकी, रत्नागिरी कोकम लिही, लोक तेच शोधतात." आता सिंधुदुर्ग आणि रत्नागिरीच्या कोकमाला २०१६ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालेलं आहे. आपण रायगड. हापूसच्या मानांकनात रायगड आहे, कोकमाच्या नाही. बागमांडल्याला जंगलजेट्टीत बसलं की पलीकडे वेश्वीला उतरेपर्यंत चहा गार होत नाही, आणि तिथून रत्नागिरी जिल्हा. रातांब्याला हा फरक कळतो की नाही माहीत नाही, पण दुसऱ्याचं नाव लावायचं नाही हे ठरलं. आम्ही "श्रीवर्धनचं आमसूल" लिहिलं. खप थोडा कमी झाला असेल. असो.

आता खरं काम: पुडा, लेबल, खोका. त्यांच्या सूचनांचं पत्रक दहा-बारा पानांचं, इंग्रजीत. त्यातलं आम्हाला कळलेलं असं. प्रत्येक पुड्यावर त्यांचा स्वतःचा बारकोड चिकटवायचा, आणि दुसरा कुठलाही बारकोड उघडा दिसता कामा नये, नाहीतर मशीन भलताच वाचतं. (८९० ने सुरू होणारा बारकोड म्हणजे माल भारतात बनला, असं व्हॉट्सअॅपवर फिरतं ते खरं नाही. तो आकडा भारतातल्या संस्थेकडून क्रमांक घेतला एवढंच सांगतो.) लेबल सपाट जागेवर, घडीवर नाही, जोडावर नाही. मुदतीची तारीख पुड्यावर आणि खोक्यावर, मोठ्या अक्षरात. एका खोक्यात एकाच मुदतीचा माल. सुतळी नको, स्टेपलरच्या पिना नकोत, आत रद्दी पेपर किंवा पेंढा नको. आजेसासऱ्यांचं दाभण गेटवरच अडवलं असतं. खोक्याचं वजन ठरलेल्या मर्यादेत. आम्ही २४ पुड्यांचा एक खोका केला, सहा किलो माल.

आणि सगळ्यात शेवटी स्लॉट. गोदामाच्या गेटवर कधीही जाता येत नाही, आधी वेळ घ्यावी लागते. अमुक तारखेला, अमुक ते अमुक.

जुलै २०२४ मध्ये मला पहिल्या मोठ्या मालासाठी स्लॉट मिळाला. ४८० पुडे, वीस खोके, १२० किलो आमसूल. किलोला ३८० रुपये दराने बायकांचे ४५,६०० रुपये देणं. मी त्यांना सांगितलं होतं की निम्मे आता, निम्मे माल विकला की.

सासूबाईंनी तेव्हाच सांगितलं होतं. "मृग लागला की आमसुलाच्या बरणीत हात घालू नये." आमसूल करताना रातांब्याची साल कोकमाच्याच रसात मीठ घालून बुडवायची, उन्हात वाळवायची, परत बुडवायची, परत वाळवायची, अशी पुटं देत जायचं. सगळं एप्रिल-मेच्या उन्हात. त्यात मीठ असतं, म्हणून पावसाळी हवा लागली की आमसूल पाणी सोडतं. हे मला माहीत नव्हतं असं नाही. सगळ्या कोकणाला माहीत आहे. पण स्लॉट जुलैचा मिळाला होता, श्रावण तोंडावर होता, उपासाच्या दिवसांत खप होईल असा हिशोब होता. बाहेर धो धो पाऊस, आणि आम्ही बारा जणी पडवीत चार दिवस बसून बरण्या उघडून पुडे भरत होतो. एक जण वजन करते, एक सील मारते, एक लेबल लावते. गप्पा, चहा, हसणं. मजा आली, खोटं कशाला बोलू.

टेम्पो आमच्या बाजारात किराणा घेऊन येतो तो. वाशीहून भरून येतो आणि रिकामा परत जातो, म्हणून आम्हाला परवडतो. पुड्यामागे साधारण सहा रुपये. स्लॉट सकाळी ११ ते १. टेम्पो पहाटे साडेतीनला सुटला. म्हसळा, माणगाव, मग हायवे. हा हायवे २०११ पासून रुंद होतोय. आपली मुलं पहिलीत होती तेव्हापासून होतोय, आता ती कॉलेजात गेली. त्या दिवशी माणगावच्या बाजारात एक ट्रक आडवा झाला होता. पुढे पनवेलच्या अलीकडे खड्ड्यांत पाणी. टेम्पो गेटवर पोचला एक चाळीसला.

चाळीस मिनिटं. गेटवरचा मुलगा काही वाईट वागला नाही. ड्रायव्हरच सांगत होता की त्याने पाणी विचारलं. पण त्याच्या हातातल्या मशीनमध्ये आमची वेळ लाल झाली होती. पुढचा स्लॉट तीन दिवसांनी. ड्रायव्हरला वाशीला माल भरायचा होता. वीस खोके कळव्याला माझ्या चुलतभावाच्या गॅलरीत उतरवले. ताडपत्री टाकली. तीन दिवस पाऊस. चौथ्या दिवशी भावाने सुट्टी काढून, छोटी गाडी करून माल पोचवला. ह्या वेळी वेळेत. मी देवाला साखर ठेवली.

दहा दिवसांनी स्क्रीनवर आकडे आले. मिळाले ४८०. विक्रीयोग्य १७१. विक्रीस अयोग्य ३०९. कारण: गळती, लेबल वाचता येत नाही.

मी ते आकडे कितीतरी वेळा पाहिले. पान परत परत उघडलं, जणू उघडल्यावर बदलतील. मदतीच्या नंबरावर जे बोलले ते नम्रपणे एकच वाक्य परत परत बोलले. पर्याय दोन: पैसे भरून माल परत मागवा, नाहीतर पैसे भरून नष्ट करा. म्हणजे दोन्हीकडून पैसे आम्हीच भरायचे. नष्ट करणं स्वस्त होतं.

परत मागवला. तो आल्यावर पडवीत एकेक खोका उघडला तेव्हा कळलं काय झालं होतं. पुड्यांच्या सीलजवळ बारीक भेग, त्यातून खारट लाल पाणी पाझरलेलं. ते शेजारच्या पुड्यांवर गेलं. लेबलं थर्मल कागदाची. त्यावर ओल आणि रस लागला की काळ्या रेघा पुसट होतात. मशीनने वाचायचं काय? सासूबाईंनी एक पुडा फाडला, एक आमसूल तोंडात टाकलं आणि म्हणाल्या, "ह्याला काही झालेलं नाही." खरंच काही झालेलं नव्हतं. आमसूल उत्तम होतं.

त्या संध्याकाळी सगळ्या जणींना बोलावलं. मला आयुष्यात इतकं अवघड बोलणं कधी झालं नव्हतं. बाकीचे निम्मे पैसे द्यायचे होते, आणि ते माझ्याकडे नव्हते. एकीच्या मुलाची अलिबागला कॉलेजची फी होती. कोळीवाड्यातलीच्या घरी नारळी पौर्णिमेच्या आधी जाळ्याचं काम काढलेलं. त्या एकदम ओरडल्या असत्या तर बरं वाटलं असतं. कुणी ओरडलं नाही. फक्त भाभींनी विचारलं, "ताई, आमसूल आमचं, नियम त्यांचे, रस्ता सरकारचा. मग चूक कोणाची धरायची?"

मी तेव्हा म्हटलं, माझी. आजही तेच म्हणेन, निदान अर्ध्याहून जास्त. पावसात पुडे भरायला मी बसवलं. सील मारायचं यंत्र स्वस्तातलं घेतलं ते मी. स्लॉट बदलून मागता आला असता, मी मागितला नाही, कारण परत मिळेल की नाही ह्याची धास्ती. पण ती धास्ती कुठून आली, दोनशे किलोमीटरवरच्या गेटवर दोन तासांच्या खिडकीत पोचायची अट श्रीवर्धनहून जाणाऱ्या टेम्पोला आणि कळंबोलीहून जाणाऱ्या ट्रकला एकच कशी, हे प्रश्न राहतातच. बायकांचे पैसे मी दिवाळीपर्यंत हप्त्याहप्त्याने फेडले. परत आलेलं आमसूल ऑक्टोबरच्या उन्हात दोनदा वाळवलं आणि सुटं विकलं. काही खानावळींना, काही समुद्रावर आलेल्या पर्यटकांना. तोटा झाला, बुडालो नाही.

पुढच्या वर्षी परत केलं. घरच्यांचा विरोध होता, सासूबाईंचा नव्हता. त्या म्हणाल्या, "आमसुलं माझ्या तारखेने भरायची, त्यांच्या नाही." २०२५ च्या मे महिन्यात, रातांबे उतरतील तसं करत, वळवाच्या आधी भरून टाकलं. दुहेरी पिशवी: आतली सीलबंद, लेबल बाहेरच्या पिशवीवर. लेबलाचा कागद बदलला, प्लॅस्टिकसारखा येतो तो घेतला. आणि परीक्षा आम्हीच शोधली. भरलेले दहा पुडे न्हाणीघरात चार दिवस दोरीला टांगून ठेवायचे. घरातली सगळी आंघोळी करतात, वाफ कोंडते. चौथ्या दिवशी पुडे काढून पुतण्याच्या मोबाईलने बारकोड वाचायचा. दहापैकी दहा वाचले तर माल निघणार. पहिल्या खेपेला सात वाचले. सील परत मारलं.

मेमध्ये भरायचं म्हणजे मुदतीचाही हिशोब आला. आमच्या पुड्याला बारा महिने. नोव्हेंबर २०२४ मध्ये अन्न सुरक्षा प्राधिकरणाने ऑनलाइनवाल्यांना सांगितलं की गिऱ्हाइकाच्या हातात पडताना मुदतीतले किमान ३० टक्के किंवा ४५ दिवस शिल्लक पाहिजेत. गिऱ्हाईक म्हणून मला हे पटतं. विक्रेती म्हणून ह्याचा अर्थ असा की गोदाम त्याच्याही आधीच माल विक्रीतून काढणार. म्हणून तेवढाच पाठवायचा जेवढा होळीपर्यंत संपेल. फणसपोळीची मुदत ह्याहून बरीच कमी असते. त्या स्टँडवरच्या ताईंना माझं खरं उत्तर हे होतं, पण बस लागली होती.

२०२५ चा माल ४८० पैकी ४८० घेतला गेला. आता तुम्ही विचाराल, सुटलं किती? पट्टी दाखवते. पुडा १९९ ला. आमसुलाचे ९५. पिशवी, लेबल, खोका मिळून १४. टेम्पो ६. ऑनलाइन बाजाराचं कमिशन, साठवण, हाताळणी, पोचवणी हे सगळं मिळून ७० च्या आसपास. उरले १४. ह्यातून सीए, ह्यातून वीज, ह्यातून माझा वेळ. शिवाय जीएसटीपोटी अर्धा टक्का आणि प्राप्तिकरापोटी ०.१ टक्का आधीच कापून ठेवतात. तो हिशोबात परत मिळतो, पण विवरण भरलं तरच. आजेसासऱ्यांच्या पट्टीत हमाली, तोलाई, तूट होती. आमच्यात नावं इंग्रजी आहेत. फरक एकच, आडत्याशी निदान भांडता यायचं.

चौदा रुपयांसाठी एवढं? हो. कारण ते ९५ रुपये बारा घरांत जातात, आणि ते मे महिन्यातच जातात, शाळा उघडायच्या आधी. इथे घाऊक व्यापारी त्याच आमसुलाला किलोला ३०० च्या वर जायला तयार नव्हता. आम्ही ३८० देतो म्हटल्यावर ह्या वर्षी तोही ३४० ला आला. ते मला चौदा रुपयांपेक्षा मोठं वाटतं.

सगळंच असं जमत नाही, तेही सांगते. पोफळीच्या विरीच्या ताटल्या करणारं एक जोडपं आमच्या ओळखीत आहे. छान वस्तू, पर्यावरणवाल्यांना आवडते. पण तिथे भाडं वजनावर नाही, आकारमानावर. लांबी, रुंदी, उंची सेंटीमीटरमध्ये गुणायची आणि ५००० ने भागायचं. दहा इंची पंचवीस ताटल्यांची पेटी २६ गुणिले २६ गुणिले १५. काट्यावर जेमतेम पाऊण किलो, हिशोबात दोन किलो. त्यांनी दोन महिन्यांत सोडून दिलं. आता मुंबईच्या केटररला थेट देतात आणि सुखात आहेत. मी त्यांना परत ये म्हणणार नाही.

तर माझं म्हणणं काय? तालुक्यात माझ्यासारख्या आणखी दहा-पंधरा जणी तरी असतील. कुणी कुळथाचं पीठ करते, कुणी आंबापोळी, कुणी सुका मसाला. प्रत्येकीने वेगळं सीलिंग यंत्र, वेगळा लेबलचा प्रिंटर, सीएकडे वेगळ्या फेऱ्या, आणि वेगळा टेम्पो करायचा? प्रत्येकीने आपली ३०९ पुड्यांची फी वेगळी भरायची? केंद्राची सूक्ष्म अन्नप्रक्रिया योजना २०२० पासून आहे. त्यात एकेकट्या उद्योगाला ३५ टक्के, जास्तीत जास्त १० लाखांपर्यंत अनुदान आहे हे सगळे सांगतात. बचत गटातल्या सदस्याला ४०,००० पर्यंत बीजभांडवल आहे, हेही बऱ्याच जणींना माहीत आहे. पण त्याच योजनेत सामाईक सुविधेसाठीही मदत आहे, ते कुणी बोलत नाही. आपल्याला मोठा कारखाना नको. एक कोरडी खोली हवी, ज्यात पावसाळ्यात हवेतली ओल काढणारं यंत्र चालेल. एक चांगलं सील मारायचं यंत्र, एक प्रिंटर, प्रमाणित वजनकाटा. आणि आठवड्यातून एक ठरलेली गाडी, आदल्या रात्री निघणारी, म्हणजे माणगावात कुणी आडवं झालं तरी स्लॉट चुकणार नाही. सभांतून "ऑनलाइन काबीज करा" म्हणणाऱ्यांना मी हा कागद दोनदा दिला आहे. दोन्ही वेळा फोटो काढला गेला. तिसऱ्यांदा देणार आहे, ह्या वेळी माझ्या एकटीच्या सहीने नाही.

म्हणून हे लिहिलं. ज्यांना सही करायची आहे त्यांनी मला निरोप द्या. घरी येऊन कागद वाचून मगच करा, न वाचता नको.

आणि खोली होईपर्यंत: आमची पडवी गुरुवारी दुपारी मोकळी असते. यंत्र आहे, प्रिंटर आहे, न्हाणीघरात दोरी आहे. येत्या मे महिन्याचा टेम्पो महिनाअखेरीच्या आत निघेल, पाऊस लवकर दिसला तर त्याआधी. गाडी एक, चलनं आपापली. फणसपोळीवाल्या ताईंनीही यावं, त्यांच्यासाठी घरून पार्सलचा मार्ग बरा पडेल का ते बसून बघू. येताना चार पुडे नमुन्याला भरून आणा. लेबल लावून आणू नका, ते इथे लावू.